वस्तरा चालू असताना

मित्रांनो, बसा, पण जरा बेतानं. मी एक जुनी खुर्ची आहे, न्हाव्याच्या दुकानातली. कंबर गेलीय माझी. फिरवाल तर कुरकुरेन, आणि एकदा कुरकुरायला लागले की माझं मलाच ऐकवत नाही.

माझा पाय ओतीव लोखंडाचा, हात सागवानी आणि गादीवर लाल रेक्झिन. नवी होते तेव्हाचा माझा थाट काय विचारता! मुलं माझ्यावर बसायला रडायची, आणि कात्री दिसली की उतरायला रडायची.

आमचे कारागीर शांत माणूस. वस्तऱ्याखालच्या माणसाशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा नियम. वाद घातला की माणूस मान हलवतो, आणि मान हलली की रक्त निघतं. म्हणून कुणी काहीही म्हणो, यांचं आपलं 'बरोबर आहे', 'हो ना', 'करा की'. सासऱ्याला नावं ठेवणाऱ्या जावयाला हो म्हणायचे, आणि त्याच्यामागून आलेल्या सासऱ्यालाही हो म्हणायचे. बोलणं कानावरून जायचं, लक्ष सगळं गालावर.

दुकान भाड्याचं होतं. पण आताच्या मालकांच्या वडिलांनी करारात एक अट घालून दिली होती. जागा विकायची वेळ आली तर आधी कारागिरांना विचारायचं. ते नको म्हणाले तरच बाहेरच्याला द्यायची. याला पहिल्या खरेदीचा हक्क म्हणतात. या एका प्रश्नाची कारागिरांनी आणि त्यांच्या बायकोनं आयुष्यभर वाट पाहिली. तिनं शिवणकाम करून त्यासाठी पैसे गाठीला बांधले होते. दुकान बंद करताना कारागीर मला पुसत पुसत म्हणायचे, "या चार भिंती आपल्या झाल्या ना, की तुला नवं रेक्झिन!"

आणि तो प्रश्न आला तेव्हा, मेलं माझं नशीब, मालक माझ्यावरच बसले होते. मालक वाईट नव्हेत, भिडस्त. समोरासमोर विचारायला जीभ उचलली नसेल. तोंडाला फेस, डोळे मिटलेले, तसेच पुटपुटले, "जागेला गिऱ्हाईक आलंय. पहिला हक्क तुमचा. तुम्हाला नको असेल तर देतो त्यांना."

वस्तरा तेव्हा गळ्याच्या घाटीपाशी होता, अगदी नाजूक जागी.

"द्या की," कारागीर म्हणाले.

मी ओरडले हो! पण माझं ओरडणं म्हणजे कुरकुर. त्यांनी माझ्या सांध्यात दोन थेंब तेल सोडलं आणि पुन्हा कामाला लागले.

पुढच्या दाढीला मालक आले ते बयाणा घेतल्याचं सांगतच. कारागिरांच्या हातातला ब्रश खाली पडला. "मला विचारलंत कधी?"

"अहो, इथेच, मागच्या वेळी! तुम्हीच म्हणालात, द्या की."

बाकावर पेपर वाचणारे पेन्शनर आजोबा तेव्हाही तिथेच होते. त्यांनी चष्मा काढला. "म्हणालात खरे. मला वाटलं, तुमचं ठरलेलं असेल."

कुणी खोटं बोललं नाही, मित्रांनो, त्याचाच मला जास्त शीण होतो. वकिलांनीही हात टेकले. विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं. बायको दुकानात आली, माझ्या हातावर बसली आणि म्हणाली, "घरात माझ्याशी मीठ कमी पडलं तरी वाद घालता. तिथे एक 'नाही' निघालं नाही तोंडातून?" कारागीर खाली बघत केस झाडत राहिले. जमिनीवर केस नव्हतेच.

दुकान गेलं. आता मी त्यांच्या घरात पुढच्या खोलीत असते, शिवणयंत्राला खेटून. नवं रेक्झिन राहिलंच. फाटलं तिथे बायकोनं टाके घातलेत. चार-दोन जुनी गिऱ्हाइकं येतात, बाकीच्यांना जिना चढवत नाही. मला तर उभं राहणंही जड झालंय.

परवा मालक आले. बराच वेळ दारात घुटमळले, मग बसले. फेस लागला, डोळे मिटले, आणि पुन्हा तसंच पुटपुटले, "माझ्यावर राग नाही ना?"

'छे, छे' येणार, मला माहीत होतं. वस्तरा गळ्यापाशीच होता.

पण वस्तरा थांबला. कारागिरांनी तो पुसून बाजूला ठेवला, मला फिरवून मालकांचं तोंड स्वतःकडे केलं आणि ते डोळे उघडेपर्यंत वाट पाहिली.

"आहे," ते म्हणाले. "राग आहे. थोडा तुमच्यावर, जास्त माझ्यावर."

मग त्यांनी उरलेली दाढी केली. कुठे ओरखडासुद्धा नाही. मालक खाली मान घालून गेले, आणि शिवणयंत्र जे थांबलं होतं ते पुन्हा सुरू झालं.

मित्रांनो, माझ्या कुरकुरण्याला अधूनमधून तेल घाला, एवढं मागते. पण तेल घालण्याआधी हातातलं काम ठेवून जरा विचारा, ही का कुरकुरतेय म्हणून. मला तेवढं कुणी कधी विचारलं नाही.