सारस मावेल एवढं कपाट

डिंपलच्या पत्राला लिलाधर गुरुजींनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला वर्ष होत आलं. पत्र साधंच होतं. डिंपल त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता भंडाऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. ‘सर, आमच्याकडे काचेचं एक कपाट रिकामं झालंय, पाच फूट उंच. शाळेचे ते पेंढा भरलेले प्राणी पाठवाल का?’

सिहोऱ्याची शाळा बंद पडली तेव्हा वनखात्याला रीतसर कळवून गुरुजींनी ते घरी आणले होते. घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत घुबड, मुंगूस, उदमांजर, बगळा आणि सारस. जमिनीची ओल लागू नये म्हणून फळ्यांवर, एकमेकांना टेकू नयेत अशा अंतरानं, वरून जुनी सुती लुगडी. खाटेला जागाच उरली नव्हती.

आणि आता आईविना इथेच वाढलेली नात शालू पहिल्या बाळंतपणाला येणार होती.

“लेकरू कुठं निजन?” गुरुजींच्या पत्नी रेवताबाई म्हणाल्या. “त्या मुंगसाच्या कुशीत?”

“पाहतो.”

“वर्षभर पाहूनच राहिले तुमी. टाका ना सारे धानाच्या कोठीत.”

“धानात किडे रायतात. पिसं खाऊन टाकतील.”

“मंग मीच काढतो एकेकाले बाहेर.”

“हात नको लावू!”

गुरुजी एवढ्या मोठ्यानं कधी बोलत नसत. रेवताबाई दारातच थांबल्या.

“झाडू पण मारू देत नाही कधी. माह्या हातानं मोडन काय तुमचं पाखरू?”

“सोमल हाय त्यात,” गुरुजी हळूच म्हणाले. “जुन्या कातड्याले कीड लागू नये म्हणून चोळत. विष हाय ते. त्याची धूळ पोटात जाऊ नये.”

“अन् हे मले आता सांगता?”

“तू भेशीन वाटलं.”

“मले वाटे, माह्यावर भरवसा नाही.” त्या उंबऱ्यावर बसल्या. “डिंपलले काहून नाही लिहिलं मंग?”

गुरुजींनी खडूनं भिंतीवर कपाटाएवढी चौकट आखली. तोंडाला रुमाल, हातात मोजे. बगळा, घुबड, मुंगूस, उदमांजर खालीवर धरून पाहिले, मावत होते. सारसाची मान मात्र चौकटीच्या वर वीतभर गेली. आडवा ठेवावा तर पिसं दबणार, मान तडकणार. हे त्यांना पत्र आलं त्या दिवशीच कळलं होतं.

“कपाट उंच कर म्हणून तिले सांगाव कसं? आधीच ती आपलं ओझं घेऊन राहिली.”

“एवढंच होय? शिकवलं ना तिले? मंग मागा. नाही म्हणन तर म्हणन. लेकराच्या उशाशी विष चालते, मागाची मात्र लाज!”

गुरुजी कागद घेऊन बसले. पहिला कागद माफी मागण्यातच भरला, तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं: ‘चि. डिंपल, उत्तराला फार उशीर झाला. पाचही पाठवतो. चार मावतील. सारसासाठी कपाटाची वरची फळी काढून तिथे काचेची उंच टोपी बसवावी लागेल. एवढं कर. मोज्यांशिवाय हात लावू नकोस, मुलांना काचेबाहेरूनच दाखव.’

‘एवढं कर’ खोडावंसं वाटलं. पेन उचललं, परत ठेवलं.

गुरुजी पत्र घेऊन पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. पाकीट तोंडाशीच अडलं. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि बोटानं ते आत ढकललं.