उखळातला हात

मित्रांनो, पुराणकाळी आमच्या एका पूर्वजानं अख्खं राजकुळ रसातळाला नेलं. दुसऱ्या एकाला तर साक्षात देवानं शस्त्र म्हणून खांद्यावर वागवलं. अशा प्रतापी, रणधुरंधर वंशात माझा जन्म झाला. मी एक जुनं मुसळ आहे आणि माझ्या हातून आजवर जो काही संहार झाला, तो मिरच्यांचा.

मिरच्यांचा आणि दोन हाडांचा. ती हाडं पुढं येतील.

मूळचा मी मुरुमच्या शिवारातल्या एका बाभळीत सुखानं राहत होतो. एके दिवशी कुऱ्हाडीचे तीस-पस्तीस घाव घालून मला खाली आणलं. सुतारानं अंगाची सालटी काढली. मग शिवप्पा लोहारानं लालबुंद तापलेलं लोखंडी कडं माझ्या पायात ठोकलं आणि मला पाण्यात बुचकळलं. मी चर्रर्र करून ओरडलो. शिवप्पा म्हणाला, झ्याक बसलं. मोठी माणसं लहानांना वळण लावतात तेव्हा साधारण हेच म्हणतात.

तिथून मी खाजाभाई कल्हईवाल्यांच्या घरी आलो. घरात पाच माणसं. म्हाताऱ्या बेगमबी, त्यांचा थोरला खाजाभाई, धाकटा रसूल, आणि दोघांच्या बायका फातिमाबी आणि सायराबी. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. उखळाला त्याची वर्दी अजून पोचली नव्हती.

घर मोठं प्रेमळ. सकाळ झाली की भाकरीला थपडा बसत. कांद्याच्या टाळक्यात बुक्की बसे. लसणाला ठेचत, कापडं धोंड्यावर आपटत, आणि लवंगी मिरच्यांचं काय करत ते मला विचारू नका, कारण ते मीच करत होतो. एवढी हाणामारी होऊन तयार झालेलं जेवण समोर आलं की बेगमबी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवून म्हणत, "शुक्र है."

हे शुक्र त्यांच्या तोंडी अष्टौप्रहर असे. वादळात पत्रे उडाले, तर शुक्र आहे, भिंती जड होत्या. विंचू चावला, तर शुक्र आहे, एकच होता. अल्लामियाँला ह्या बाईकडून फुकटचे आभार फार मिळतात, असं माझं तेव्हा मत होतं.

आता कांडणाची रीत सांगतो. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एक बाई उभी राहून मुसळ मारते. दुसरी उखळापाशी बसून मिरची हातानं खालीवर करते. मुसळ वर गेलं की हात आत, मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. कुणी मोजत नाही, कुणी हं म्हणत नाही. मोजायला लागलं की बोटं जातात. फातिमाबी आणि सायराबी ह्या दोघी जावा असं कांडत आणि वर गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. सात शेर वजनाचं मुसळ हातावर पडत असताना बाई हसतेच कशी, हे मला कळत नसे.

मग सत्तावन सालच्या थंडीत वसंतराव मास्तरांचं पातेलं कल्हईला आलं. रसूल भात्यावर बसला होता. भाता मारता मारता त्यानं रस्त्यावरच्या कुणाशी तरी गप्पा काढल्या, आणि पातेल्याचं बूड जळून भोक पडलं. खाजाभाईंचा राग सगळ्या मुरुमला माहीत होता. बापाचं नाव बुडवलंस म्हणत ते उठले. मी दाराशी टेकून उभा होतो. त्यांनी मला उचललं आणि रसूलच्या उजव्या हातावर घातलं.

मित्रांनो, बाभूळ आणि हाड यांच्यात बाभूळ जिंकते. या विजयाचा मला आजतागायत आनंद झालेला नाही.

हाड बसवणारी शांताक्का आली. तिनं पट्ट्या बांधल्या, पण हात मनगटाजवळ वाकडा जुळला तो जुळलाच. कल्हईचा बोळा फिरवायला मनगट लागतं. रसूल आता नुसता भाता ओढू लागला, तोही डाव्या हातानं. बेगमबी म्हणाल्या, शुक्र आहे, डोक्यात नाही बसलं. त्यावर सायराबी पहिल्यांदा सासूला उलट बोलली.

"मोडल्या हाताचं कसलं शुक्र, अम्मा? ते तुमच्यापाशीच ठेवा."

त्या दिवसापासून घरात दोन चुली झाल्या. रसूल रागानं बोलेना, खाजाभाई शरमेनं बोलेनात. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. जावाजावांचंही बोलणं बंद झालं. मूळ मुद्द्याचं मुसळ केरात, असं तुम्ही वहीत म्हण म्हणून लिहिता ना? मी खरोखरच केरात पडलो.

त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी येत होता. वर्षाची मिरची उन्हात वाळून तयार होती. बेगमबींनी दोन्ही चुलींकडं तोंड करून जाहीर केलं की चुली दोन असतील, उखळ एकच आहे, तेव्हा दोघींनी मिळून कांडायचं. त्यांचे डोळे मोतीबिंदूनं गेले होते, त्यामुळं कुणाची तोंडं कशी झाली ते त्यांना दिसलं नाही. किंवा त्यांनी तसं दाखवलं.

भिंतीला दुसरं हलकं मुसळ उभं होतं. सायराबी त्याला ओलांडून केरापाशी आली आणि तिनं मला ओढून काढलं. पदरानं पुसलं. फातिमाबीनं ते पाहिलं. बेगमबींनी तिच्याकडं उलथनं सरकवलं, यानं हलव म्हणून. फातिमाबीनं ते बाजूला ठेवलं, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, बिस्मिल्ला म्हणाली आणि हात उखळात घातला.

सायराबीनं मला असं हाणायला सुरुवात केली की शिवप्पाच्या भट्टीची आठवण झाली. मिरचीच्या चिंधड्या उडत होत्या, खकाण्यानं अंगण भरलं होतं. हात आत, हात बाहेर. मी खाली येई तेव्हा बोटं निसटून जाताना दिसत. विसेक घाव झाले. मग हात आत गेला आणि बाहेर आलाच नाही.

फातिमाबी खाली बघत म्हणाली, "त्यांनी मुसळ उचललं तवा मी दारातच हुभी होते, सायरा. मला धरता आलं असतं. म्या धरलं न्हाय."

मी वर होतो. सायराबीच्या मुठी माझ्या अंगात रुतल्या. खाली उखळात तो हात तसाच पडून होता, उजवाच. सायराबी काय करणार होती ते मला आजही ठाऊक नाही. कारण नेमकी तेव्हा तिला शिंक आली.

मूठ ढिली झाली आणि मी सुटलो. एकदा खाली निघालो की थांबायचं नाही, ही आमच्या घराण्याची खोड. विचार करायला वेळ नव्हता, तरी त्या बाईनं सगळं अंग मागं टाकून मला स्वतःकडं ओढलं. उखळाच्या काठाचा टवका उडवून मी तिच्या पायाच्या अंगठ्यावर उतरलो. दुसरं हाड ते.

बेगमबींनी चाचपडत विचारलं की कुणाचं काय मोडलं. सायराबी दात आवळून म्हणाली, माझा अंगठा. बेगमबींनी सवयीनं तोंड उघडलं आणि सुनेचं ते जुनं बोलणं आठवून तसंच मिटलं.

"म्हणा की, अम्मा," सायराबी म्हणाली. "भाभीचा हात शाबूत हाय."

बेगमबींनी तळवे तोंडावरून फिरवले. त्या दिवशी त्यांना ते दोन शब्द म्हणायला बराच वेळ लागला.

फातिमाबी आपला पदर फाडून अंगठा बांधायला लागली. शांताक्काला बोलावणं गेलं. ती आल्या आल्या म्हणाली, "या घरात दुसरं मुसळ न्हाय का गं अव्वा?" तेवढ्यात दोघं भाऊ धावत आले. रक्त पाहून खाजाभाईंनी मला उचललं आणि चुलीकडं निघाले. मित्रांनो, माझं आयुष्य त्या चार पावलांत संपणार होतं आणि मला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

"भाईजान, ठेवा ते," रसूल म्हणाला. "मिरच्या निम्म्या राह्यल्यात."

तीन महिन्यांतलं हे पहिलं वाक्य. खाजाभाई जागच्या जागी थांबले. रसूल उखळापाशी बसला आणि त्यानं आपला वाकडा हात आत घातला.

खाजाभाई म्हणाले, "उलथनं घे, रसूल."

"हातानंच. उलथन्याला बारीक-जाड कळत न्हाय."

खाजाभाईंनी मला उखळावर उचलून धरलं. मी इतक्या हळू खाली आलो की मिरचीला ते लाड वाटले असतील. रसूल म्हणाला, या चालीनं कांडलं तर ईद होऊन जाईल. पुढचा घाव जरा बरा पडला, त्याच्या पुढचा आणखी बरा. वाकडा हात आत, वाकडा हात बाहेर. कुणी मोजत नव्हतं. खाजाभाई मात्र रडत होते, आणि खकाणा आता पुष्कळ खाली बसला होता.

पुरुषांनी कांडलेली ती मिरची इतकी जाडीभरडी झाली की वर्षभर घरानं ठसके खाल्ले. पण एका चुलीवर खाल्ले. सायराबीचा पाय बरा होईस्तोवर चूल फातिमाबीनंच पेटवली, आणि नंतर दुसरी पेटवायची कुणाला आठवण राहिली नाही. पहिल्या रोज्याच्या संध्याकाळी बेगमबी शुक्र म्हणाल्या तेव्हा आणखी चार आवाज आले. मीही म्हणालो, पण मुसळाचं कोण ऐकतं.

पुढं मुरुमला मिरची कांडायची गिरणी आली आणि मी निवृत्त झालो. गिरणी चांगली आहे. तिच्यात हात घालावा लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात रोज कुणीतरी तुमच्या भरवशावर उखळात हात घालत असतं. घाव घालताना तो हात बघत जा. आणि संध्याकाळी बोटं मोजून सगळी भरली, तर शुक्र म्हणा, देवाची कृपा म्हणा, नाहीतर नुसतं बरं झालं म्हणा.

एवढं नाही जमलं तरी चालेल. मी सध्या परसात आडवा पडून असतो आणि एक तांबडी कोंबडी रोज दुपारी माझ्यावर येऊन बसते. नुसती बसत असती तर माझी काही तक्रार नव्हती. तिला तेवढं हुसकवा.