उपासाची गोळी

अनिताने बाटली परातीत पालथी केली आणि गव्हातले खडे निवडावेत तशी एकेक बारीक पांढरी गोळी बोटाने बाजूला सारली.

"मामी, शंभरातल्या चाळीस उरायला पायजे हुत्या. ह्या एकाहत्तर हायेत."

"आसतील," गिताबाई म्हणाली. चैत्राचं ऊन अंगणात मावत नव्हतं, तरी तिच्या खांद्यावर शाल होती.

अनिता न्हावऱ्याची आशाताई. दोन महिन्यांपूर्वी तिनेच गिताबाईला शिरूरला दवाखान्यात नेलं होतं. तीन वर्षं अंगावर सूज, केस विंचरले की फणी भरायची, पाळी आली की थांबायचं नाव नाही, भरदुपारी गोठ्यातच डोळा लागायचा, आवाजही घोगरा झालेला. घरातले म्हणत, वय झालं, आळस भरलाय. रक्त तपासलं तेव्हा कळलं, थायरॉईड कमी पडतंय. रोज एक गोळी, उपाशी पोटी, चहाच्या आधी. आणि काल दुसरा रिपोर्ट आला, तर आकडा जागचा हललेला नव्हता. डॉक्टर अनिताला म्हणाले होते, "डोस वाढवण्याआधी घरी जाऊन बाटली बघा."

गिताबाईला आकड्याचं काही नव्हतं. तिला वीस दिवस दिसत होते. वीस दिवसांनी धनश्रीची, तिच्या एकुलत्या लेकीची हळद. भावकीतल्या सगळ्या पोरींची हळद गिताबाईच्या ओव्यांवर दळली गेली होती. गेल्या वर्षी पुतणीच्या हळदीला मात्र पहिल्याच ओवीत तिचा गळा फाटला. थोरली जाऊ सविता म्हणाली, "गिते, ह्यो मल्हारीभावजींचा आवाज कुठनं आणलास?" बायका हसल्या. गिताबाईही हसली. त्यानंतर ती जात्याला बसली नाही.

"खरं सांगा मामी, इसरता का?"

"इसरंन कशी?" गिताबाईने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "उपासाला घेत न्हाई."

"कुठल्या उपासाला?"

"सोमवार म्हादेवाचा, गुरवार दत्ताचा, शनवार मारुतीचा. आन् एकादशा. गोळीत पिठाचा अंश आसतो म्हणत्यात. पोरीचं जमावं म्हणून धरल्यात गं, मोडू कशी?"

तिचा नवरा मल्हारी दुधाच्या रिकाम्या किटल्या घेऊन आत येत होता. "मी म्हणतच हुतो," तो म्हणाला, "हिला औशद लागूच पडंना. नुसती बसून आसती."

"मामा, गाय माजावर आली न्हाई, तर कुणाला बोलावता?"

"डॉक्टरला. त्याच दिशी."

"आन् मामीला तीन वर्सं?"

मल्हारीने डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग किटल्या धुवायला गेला. आधीच धुतलेल्या होत्या त्या.

अनिता देवाशी भांडायच्या भानगडीत पडली नाही. दहा वर्षं दारोदार फिरून तिला एवढं कळलं होतं. तिने एक गोळी तळहातावर घेतली.

"उपासाला पाणी चालतं ना?"

"चालतं की."

"मग ऐका. हिला चहा चालत न्हाई, दूध चालत न्हाई. पोटात कण नको, नुसतं पाणी. वर अर्धा-एक तास काय बी खायाचं न्हाई. आता तुम्हीच सांगा, ही उपास मोडती का करती?"

गिताबाईने ती गोळी बोटाने उलटवून बघितली.

"म्हंजी हिचाबी रोजचा उपास हाय म्हणायचा," ती म्हणाली. आणि मग, खाली बघत, जे मघापासून ओठांत अडकलं होतं ते विचारलं, "धनूच्या हळदीपत्तुर गळा मोकळा हुईल का गं?"

हो म्हणणं सोपं होतं.

"न्हाई मामी. रोज घेतली तरी दीड-दोन महिनं लागत्यात. वीस दिसांत न्हाई व्हायचा."

गिताबाईने मान हलवली. गोळ्या ओंजळीने बाटलीत भरल्या. एक परातीच्या कडेला चिकटली होती, तीही वेचली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गोठ्याकडे निघाली तर मल्हारी धारा काढून मोकळा झाला होता. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. "आधी गोळी. चहाचं मी बघतो." तासाभराने त्याने केलेला चहा पाकासारखा गोड होता. तिने तो फुंकून फुंकून संपवला.

हळदीचा दिवस शनिवारचा आला. सविताने स्पीकर आणला होता. "गिते, मोबाइलवर गाणी लावू या. तुझ्या गळ्याला तरास नगं."

"लाव की बाई. दळून झाल्यावर लाव."

गिताबाई जात्याला बसली. मूठभर हळकुंडं घातली, खुंटा धरला. पाटावर बसलेली धनश्री आईकडेच बघत होती.

हळद दळू दळू, हात झालं पिवळं,
लेकीच्या वाटंवर, ऊन पडू दे कवळं...

'कवळं' म्हणताना गळा फाटला, गेल्या वर्षी फाटला होता तसाच. जातं मात्र थांबलं नाही. कुणी हसलं नाही. सविता उठली, स्पीकर बाजूला ठेवला आणि समोर बसून तिने तोच खुंटा धरला. पडलेली ओळ उचलली. तिच्या चढ्या आवाजाखाली गिताबाईचा घोगरा आवाज राहिला. जात्याची वरची तळी फिरते, आणि खालची जागेवर राहून दळण पेलते, तसा.

रविवारी धनश्री सासरी गेली.

सोमवारी पहाटे मांडवाचे बांबू दारात तसेच होते. घर फार मोठं वाटत होतं. गिताबाई उरलेली हळद डब्यात भरत होती. मल्हारी ग्लास घेऊन आला, म्हणाला, "आज सोमवार हाय. हळद तर झाली. घेशील न्हवं?" आणि उभाच राहिला.

गिताबाईने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली. ग्लास परत दिला तेव्हा त्यावर तिची पिवळी बोटं उमटली होती. मल्हारीने तो विसळला नाही. तसाच फळीवर ठेवला.