वहिनींनी अडवलेली आवृत्ती

राउटरला दोनच शिंगं असायची आणि तो अडला तर लोक त्याच्या पाठीत धपाटा घालून बघायचे, त्या दिवसांतली ही गोष्ट. राउटर बनवणाऱ्या एका कंपनीत एक बाई होत्या. त्यांचा धाकटा दीर तिथेच प्रोग्राम लिहायचा आणि भर मीटिंगमध्ये त्यांना 'वहिनी' म्हणायचा. मग काय, साहेबांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या. राउटरच्या पोटात बसून त्याला चालवणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. त्याची नवी आवृत्ती वहिनींच्या सहीशिवाय लोकांकडे जात नसे.

या खेपेच्या आवृत्तीत जुन्या दोषांच्या दुरुस्त्या होत्याच, पण मिरवत होती ती दिराने केलेली नवी सोय: पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय, घरचा पासवर्ड न देता. वहिनींनी ती आधी दोनदा मागे ठेवली होती. आता साहेबांनी सांगून टाकलं होतं, सोमवारी ही सोय गेली नाही तर विषय बंद. दिराचा गट मोडायचा आणि त्याला दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात धाडायचं. सासूबाईंच्या कानावर यातलं काहीच घातलेलं नव्हतं.

चाचण्या सगळ्या पास झाल्या होत्या. कंपनीची रीत अशी, की नवी आवृत्ती आधी आपापल्या घरी चालवायची. वहिनींच्या घरी ती, येणाऱ्याजाणाऱ्यांना पाहुण्यांचं वायफाय देत, कितीतरी दिवस बिनतक्रार चालली. आणि गुरुवारी सकाळी राउटर बसला. दिवे सगळे हिरवे, नेट गायब.

"प्लग काढून लावा ना," दीर कप विसळत म्हणाला.

"लावते. पण आजच का बसला?"

"वहिनी, घड्याळ थांबलं तरी तुम्ही चौकशी समिती नेमाल."

वहिनींचं मन काही थाऱ्यावर येईना. या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या सुरू झाल्या. घरात बदललं काय? काहीच नाही. सासूबाई तेवढ्या गेल्या आठवड्यापासून नणंदेकडे राहायला गेल्या होत्या. वहिनींनी तिकडे फोन लावला.

"आई, तुम्ही राउटरला कधी हात लावता का?"

"मी? छे गं. झोपताना बटण तेवढं बंद करते. रात्रभर डोळे मिचकावत बसतो मेला. सकाळी तुमच्या आधी उठते, तेव्हा लावून टाकते. का, बिघडला?"

"तुम्ही होतात म्हणून बरा होता," वहिनी म्हणाल्या.

ऑफिसात पोचल्या त्या थेट चाचणीच्या खोलीत. तिथले शिपाई काका राउटर पुसत होते.

"काका, संध्याकाळी हे चालू ठेवता ना?"

"भलतंच. मागे एक अडॅप्टर जळाला तेव्हापासून मेन स्विच पाडल्याशिवाय मी कुलूप लावत नाही."

वहिनी स्टुलावर टेकल्या आणि लगेच उठल्या. त्यांच्या घरी सहीला आलेलीच आवृत्ती असे; बाकीच्यांच्या घरी तर रोज नवा कच्चा प्रोग्राम चढायचा, आणि तो चढला की राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे ही आवृत्ती सलग चालताना कुणी पाहिलीच नव्हती. दुपारभर त्यांनी एक राउटर चालू ठेवून त्याची मेमरी बघितली. पाहुणा जोडला की ती थोडी भरायची, आणि पाहुणा गेला तरी, राउटर बंद करेपर्यंत, रिकामी व्हायची नाही.

शुक्रवारी जिन्यात त्यांनी दिराला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो कठड्याला टेकून ऐकत राहिला.

"शोधतो मी. आठवडा द्या."

"भाऊजी, सोमवारी जायची आहे ती."

"मग जाऊ द्या तशीच. बसला तर बसला. लोक प्लग काढून लावतातच की."

"घरात माणूस असेल तर लावेल. दुकानाला कुलूप ठोकून गावाला गेलेल्याचं कोण लावणार? त्याचे कॅमेरे, त्याचा अलार्म, सगळं याच्यावरच."

"तुम्ही सही केली नाहीत तर मी इथून जातो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

दीर दोन पायऱ्या उतरला. मग म्हणाला, "आईला तुम्ही सांगायचं. माझ्याच्याने व्हायचं नाही."

"मी सांगेन."

साहेबांना वहिनींनी एकच मार्ग सुचवला: दुरुस्त्या तेवढ्या पाठवा, सोय काढून घ्या.

"घरच्याच माणसाला पाडताय, वहिनी?"

"बाहेरचा असता तर कालच तुमच्याकडे आले असते. घरचा म्हणून एक रात्र थांबले."

साहेब मोकळं हसले, पण बदलीचा कागद काही त्यांनी मागे घेतला नाही.

सोमवारी आवृत्ती सोयीविना गेली. लोकांच्या राउटरवर ती कधी चढली हे कुणाला कळलंही नाही. चांगल्या आवृत्तीचं तेव्हा असंच असायचं. दीर मात्र आपल्या टेबलाशी बसून, आता दुसऱ्या कुणाच्या हाती जाणाऱ्या त्या प्रोग्राममधली चूक शोधत होता. वहिनी निघताना त्याच्या मागे क्षणभर थांबल्या. त्याने वळून पाहिलं नाही.

वहिनी तिथून थेट नणंदेकडे गेल्या, तर दार सासूबाईंनीच उघडलं.

"एकटीच? तो नाही आला?"

वहिनींनी पायातल्या चपला काढायला फार वेळ लावला.