पडद्याखालचे पाय

बालवाडीच्या बाईंनी कळवलं होतं, पालकांच्या खेळाला घरातली दोन मोठी माणसं आली तरी चालतील. मुंगीचा बाबा कामासाठी परगावी होता. आईनं लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि नणंदेला म्हणाली, "ताई, तुम्ही कशाला दगदग करता? मी जाईन की." पण मुंगीनं आत्याचं बोट काही सोडलं नाही.

रस्ताभर मुंगीचा एक हात आईच्या हातात आणि बडबड सगळी आत्याशी. आत्या घरीच शिवणकाम करायची, त्यामुळे मुंगीचा दिवस तिच्या मशीनपाशी जायचा. कुठल्या बाहुलीचं कुणाशी भांडण झालं, ती का रुसली, हे सगळं त्या दोघींना पाठ. आईनं मधेच काही विचारलं, तर मुंगी म्हणाली, "ते तुला नाही माहीत. ते आमचं आहे." आई हसली, पण ते 'आमचं' तिला कुसळासारखं रुतून बसलं.

खेळ असा होता: मुलं पडद्यामागं बाकावर बसलेली, पडद्याखालून फक्त अनवाणी पाय दिसायचे. घरातल्या एकानं येऊन आपलं मूल ओळखायचं. मुलांनी हूं की चूं करायचं नाही. बाईंनी मुंगीच्या घरच्यांना बोलावलं तेव्हा आत्या खुर्चीतून अर्धी उठली होती. आई तिच्या आधी पुढं झाली.

पडद्यासमोर मात्र तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. सगळे पाय सारखेच दिसत होते. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातली पेशी बघून ती कुठल्या जातीची हे एका नजरेत सांगणारी बाई, पोटच्या पोरीचे पाय तिला ओळखू येईनात. सकाळी ती निघायची तेव्हा ते पाय पांघरुणात असायचे, परतायची तेव्हा मोज्यांत. मागून एका मुलाचे बाबा म्हणाले, "लवकर निवडा हो, नाहीतर उरेल ते घरी न्यावं लागेल." हशा पिकला. आत्यानं केव्हाच ओळखलं असणार, हे मागं न बघताही तिला कळत होतं.

मग तिनं कामावर करायची तेच केलं. ओळख पटत नसेल तर फरक शोधायचा. रंगानं काही कळेना, बोटांच्या ठेवणीनंही नाही. मग नखं. बहुतेकांची वाढलेली, कुणाची तुटकी. एका जोडीची मात्र कोपरे गोल करून, कडा कानसून गुळगुळीत केलेली. पायाचं खरखरीत नख अडकलं की जमिनीवर पसरलेल्या गिऱ्हाइकाच्या तलम कापडाचा धागा ओढला जातो, म्हणून आत्या घरातल्या सगळ्यांना नखं अशी घासायला लावायची. आईलासुद्धा.

तिनं त्या पायांवर हात ठेवला. पडदा सरला आणि मुंगीनं तिच्या गळ्यात उडी घेतली. टाळ्या पडल्या. आत्या शेजारी बसलेल्या बाईला सांगत होती, "आईच ती, तिला कसं नाही कळणार?" आत्याला मनापासून आनंद झाला होता, आणि आईला तेच अधिक झोंबलं. आपण नक्की कुणाला ओळखलं, हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

"कसं कळलं तुला?" मुंगीनं कडेवरून विचारलं.

थाप मारणं आईला जमत नसे. "नखांवरून."

"नखं तर आत्या कापते."

"आता मी कापत जाईन."

मुंगीनं पाय आखडून घेतले. "तुला येतं?"

"येईल."

मुंगीनं आईच्या खांद्यावरून आत्याकडं बघितलं, विचारून घ्यावं तसं. आई लगेच वळून उभी राहिली, आत्या दिसणार नाही अशी.