बारावं झालेली आते

कृष्णनाथ आरोग्य खात्याचे राज्यमंत्री झाले तेव्हा त्यांच्या गावी, पेडण्याच्या बाजारात फटाके वाजले. पण पदाची खरी उंची त्यांना लवकरच कळली. बदल्या, औषधांची खरेदी, नवी इस्पितळं हे सगळं मोठ्या मंत्र्यांकडे. राज्यमंत्र्यांच्या वाट्याला डोळ्यांची शिबिरं, पोलिओचे डोस आणि जिथे मोठ्या मंत्र्यांना जावंसं वाटत नसे ती ठिकाणं.

जानेवारीच्या अखेरीस कुष्ठरोग निवारण दिन आला. "ह्या वर्षी तूच जा," मोठे मंत्री म्हणाले. "फळं वाटायची, दोन शब्द बोलायचे. अर्ध्या तासाचं काम."

इस्पितळ पार दक्षिणेला होतं. खात्याने लिहून दिलेलं भाषण कृष्णनाथांनी खणखणीत वाचलं. हा रोग आता औषधाने बरा होतो. बरा झालेला माणूस तुमच्या-आमच्यासारखाच असतो. त्याला घरी न्या, आपल्या पंक्तीला बसवा. समोर बाकांवर बसलेल्या रोग्यांनी टाळ्या वाजवल्या. काहींच्या टाळ्यांना आवाज नव्हता.

मग फळवाटप. सोबतचा अधिकारी हळूच म्हणाला, "साहेब, पिशव्या टेबलावर ठेवा. ते उचलतील." कृष्णनाथांनी तसंच केलं. साठीच्या आसपासची एक बाई पुढे आली. नाक बसलेलं, बोटं आखडलेली, पण लुगडं स्वच्छ नेसलेलं. तिने पिशवी उचलली आणि तिथेच उभी राहिली.

"जानकीवयनीचो झील मां तू?"

"होय, जानकीबाई माझी आई. आपण?"

"मी पद्मा. तुझी आते. वळखलंस नाय मां?"

पद्मावती आते कृष्णनाथांच्या वयाच्या सातव्या वर्षी वारली होती. पेडण्याच्या पुनवेच्या जत्रेत त्यांना कडेवर घेऊन गर्दीतून वाट काढणारी आते. एका सकाळी ती घरात नव्हती. ती सावंतवाडीला गेली आणि तिथेच तापाने गेली, असं वडिलांनी सांगितलं होतं. तिच्या बाराव्यासाठी भादरलेलं वडिलांचं तुळतुळीत डोकं त्यांना अजून आठवत होतं.

"भाषण बरां केलंस हां," आते म्हणाली. "वयनी बरी आसा मां?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यामुळेच ते त्यांना जास्त लागलं.

घरी पोचल्यावर ते थेट आईकडे गेले. जानकीबाई खोबरं किसत बसल्या होत्या. "आये, पद्मा आते जिवंत आहे."

जानकीबाईंचा हात थांबला, पण चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"न्हेली तेव्हा जिती होती," त्या म्हणाल्या. "पोर्तुगीजांची गाडी येवन घेवन गेली तिका. तिच्या धाकट्या भयणीचां लगीन ठरलेलां. तुझ्या बापायन गावाक सांगल्यान, मेली म्हणान. मगे इचारूक माका धीर झालो नाय."

"आता आपण तिला घरी आणू."

त्यांची बायको विनोदिनी दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "आणा. पण वत्सलाचं लग्न होऊन जाऊ दे."

लेकीची सोयरीक डिचोलीच्या एका घरात नुकतीच जुळली होती. कृष्णनाथ विनोदिनीवर चिडले, मग गप्प बसले. आपले वडीलही असेच गप्प बसले असतील, हे त्यांच्या मनात आलं. तरीही मे महिन्यात लग्न झालं आणि आतेला बोलावणं गेलं नाही. मांडवात मोठे मंत्री आले, मुख्यमंत्री येऊन गेले. कृष्णनाथ सगळ्यांना हात जोडत फिरत होते आणि त्यांचं कशातच लक्ष नव्हतं.

पावसाळा ओसरत आला तेव्हा जानकीबाईंनीच विषय काढला. "चवथीक पद्माक घेवन ये. मी आता किती दिवस जगतलंय?"

कृष्णनाथ सरकारी गाडी घेऊन गेले. आते गाठोडं बांधून तयार होती, पण गाडी बघून मागे सरली.

"सरकारी गाडयेन एकदा गेलंय मी. आता बशीन येतंय."

त्यांनी गाडी परत पाठवली. बस बदलत म्हापशाला येऊन पेडण्याची बस धरली तेव्हा कंडक्टरने मंत्र्यांना ओळखून पुढची जागा दिली. आते त्यांच्या शेजारी खिडकीपाशी बसली. बसमधली कुजबुज त्यांना ऐकू येत होती. त्यांनी आतेचं गाठोडं मांडीवर घेतलं आणि समोर बघत राहिले.

घराच्या उंबऱ्यावर जानकीबाईंनी तिच्या पायांवर पाणी घातलं. त्या वर्षी आरतीला निम्मे लोक अंगणातच उभे राहिले, प्रसादाला थांबले नाहीत. डिचोलीचे व्याही आले नाहीत. जेवताना जानकीबाईंनी आतेचं पान आपल्या पानाला लावून मांडलं.

"वयनी," आतेने विचारलं, "माझ्या बाराव्याक काय केल्लंस गे?"

जानकीबाई क्षणभर घाबरल्या. मग म्हणाल्या, "पायस. सगळ्यांनी दोन-दोनदा वाडून घेतलां."

"आणि माका एक वाटी नाय!"

आते आधी हसली. मग जानकीबाई हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

कृष्णनाथांना वाटलं होतं, आते आता राहील. पण विसर्जन झाल्यावर तिने गाठोडं बांधलं. तिकडे तिची कोंबडी होती, मिरचीचा वाफा होता आणि सगुण होता. तिथलाच बरा झालेला रोगी. दोघांनी इस्पितळाच्या आवारात लग्न केलं होतं. "घर थंय आसा माझां," ती म्हणाली.

पुढच्या निवडणुकीत कृष्णनाथ हरले. कोणी म्हणाले आतेमुळे, कोणी म्हणाले न झालेल्या रस्त्यामुळे. त्यांनी शोध घेतला नाही. लाल दिवा गेला, माणसं कमी झाली. आतेला आणायला मात्र दर चवथीला ते बसने जात राहिले. दुसऱ्या वर्षी डिचोलीचे व्याही वाकडी वाट करून आले आणि आतेच्या पाया पडले.

तिसऱ्या वर्षी तिच्यासोबत सगुणही आला. तो बुजून अंगणातच थांबला. सत्तरी ओलांडलेल्या जानकीबाई काठी टेकत बाहेर गेल्या आणि ओरडल्या, "विनोदिनी, पाट मांड! घरात जावय इलो आसा."