ग्लाशाची पिवळी

जूनची दहा तारीख उलटली तरी सावेली त्रोफिमिचच्या पिवळ्या रासबेरीला फुटवा आला नाही, तेव्हा आमच्या सगळ्या बागवसाहतीला कळून चुकलं की ती गेली. फक्त सावेलीला ते पटत नव्हतं. शहराकडून येणाऱ्या पहिल्या बसने तो उतरायचा, फाटक उघडायचा आणि पाठीवरची पिशवीसुद्धा न काढता वाफ्यापाशी गुडघे टेकून माती उकरायचा. बाकीच्यांच्या लाल रासबेऱ्या कोपरभर वाढल्या होत्या. याच्या वाफ्यात मागच्या वर्षीच्या वाळक्या काठ्या तेवढ्या पडलेल्या.

आमच्या माळरानात रासबेरी थंडीने मरत नाही, उघडी पडली की मरते. म्हणून ऑक्टोबर लागला की तिच्या काठ्या हिरव्या असतानाच वाकवायच्या, एकीचा शेंडा दुसरीच्या बुडाशी बांधायचा आणि सगळा वाफा जमिनीशी निजवून टाकायचा. वरून बर्फ पडलं की तीच तिची गोधडी. उशीर केला तर काठी कडकडते आणि मोडते, फार घाई करून झाकलं तर आतल्या आत कुजते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि सावेली तर या कामात पक्का मुरलेला. त्याने काठ्या वेळेवर वाकवल्या. सहकारी संस्थेने पाण्याचा नळ सप्टेंबरातच बंद केला, तर हा सत्तर वर्षांचा माणूस तळ्यावरून बादल्या वाहून वाफा भिजवत होता. पण बर्फच आलं नाही. डिसेंबर कोरडा गेला, पारा शून्याखाली अडतीसवर उतरला आणि वाऱ्याने माळावरची होती नव्हती ती माती खरवडून नेली. लोक घसरगाड्या घेऊन रस्त्याकडेच्या चरांतून बर्फ गोळा करायला गेले, तर चरांतही धूळच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जानेवारीत बर्फ पडलं तेव्हा जमीन दोन हात खोल गोठून फुटलेली होती.

लाल रासबेरी चिवट, ती कुणाची ना कुणाची राहतेच. एकाची गेली तर दुसरा देतो. ही पिवळी मात्र जगात एकाच ठिकाणी होती, सावेलीच्या वाफ्यात. त्याची बायको ग्लाफिरा, सगळ्यांची ग्लाशा, फळसंशोधन केंद्रात बिया धुवायचं काम करायची. एका मोठ्या हुद्द्याच्या माणसाने टाकून दिलेल्या बियांतून तिने हे झाड वाढवलं, नऊ वर्षं निवडून निवडून. फळ मधाच्या रंगाचं, आणि काठीला एकही काटा नाही. लहान मुलाने डोळे मिटून हात घातला तरी ओरखडा उठायचा नाही. ग्लाफिरा जाऊन दोन वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. तिचे कपडे बहिणीने नेले, फोटोत तिचे डोळे नेहमीच मिटलेले यायचे. जुलैत ती पिवळी फळं पिकली की तेवढे तीन आठवडे सावेलीला घरात कोणीतरी आहे असं वाटायचं. माणूस अशा गोष्टी बोलून दाखवत नाही, पण आम्ही काही आंधळे नव्हतो.

आता कोणी विचारेल, एवढं गुणाचं झाड, तर शेजारीपाजारी कोणाकडे कसं नाही? रासबेरी कुंपण मानत नाही, ती मुळांनी पलीकडे जाते आणि आमच्याकडे फुटवे वाटण्यातच निम्मा मे महिना जातो. त्याचं उत्तर म्हणजे सावेलीचे सिमेंटचे पत्रे. पिवळी लावली त्याच वर्षी त्याने वाफ्याभोवती चर खणला आणि छपराचे पत्रे उभे गाडले, हातभर खोल. बाहेर फुटवा दिसला की फावड्याने तोडायचा. मागायला आलेल्याला तो फाटकावरूनच परत लावायचा.

याला कारण होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पिवळीच्या आधी ग्लाफिराने काळ्या करंटचं, म्हणजे आंबटगोड काळ्या फळांच्या झुडपाचं, एक झाड केलं होतं. केंद्राने ते मागून घेतलं, मोठं केलं आणि केंद्राच्या पत्रिकेत छापून आलं ते भलत्याच बाईचं नाव. ग्लाफिरा हसली आणि म्हणाली, झाड तर जगलं ना. सावेली हसला नाही. माझ्या बायकोचं दुसरं झाड कोणाच्या बापाच्या हाती लागू देणार नाही, असं तो तेव्हा म्हणाला आणि वीस वर्षं म्हणत राहिला. ग्लाफिराने किती वेळा समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

तर जूनच्या अकराव्या दिवशी त्याने वाफा सगळा खणला. मुळं बाहेर काढून नखाने सोलली. आत पांढरं असायला हवं, ते चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी झालं होतं आणि बोटात भुगा होत होता. शेवटचं मूळ सोलून होईपर्यंत दुपार झाली. मग तो पायरीवर बसला आणि त्याच्या डोक्यात आलं की कोणीतरी चोरलं असेल.

हे ऐकायला वेडेपणाचं वाटेल, पण आमच्याकडे तसं नाही. रोप चोरून आणलेलं चांगलं धरतं, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. आणि कोणी दिलंच तर ‘आभारी आहे’ म्हणायचं नाही, आभार मानले की रोप मरतं. म्हणून चांगला शेजारी काय करतो, तर फावडं कुंपणाला टेकवून ठेवतो, म्हणतो मी जरा चहाचं बघतो, आणि पाठ फिरवतो. घेणाऱ्याने खणायचं आणि मुकाट्याने चालू पडायचं. वीस वर्षं सावेलीने एकदाही पाठ फिरवली नव्हती. पण बहुतेक रात्री तो शहरात असायचा, हिवाळाभर नसायचा. एवढ्या वसाहतीत एकही चोर निघू नये?

त्याने घरोघर जायला सुरुवात केली. ज्यांना त्याने जन्मभर चोर म्हटलं त्यांच्याच दारात टोपी काढून तो विचारू लागला की बाबांनो, खरं सांगा, चोरलंत का. लोकांना वाटलं म्हातारा सापळा लावतोय. संस्थेच्या अध्यक्षांच्या बायकोने नातवंडांची शपथ घेतली. एकाने तर भलतीच जुनी कुदळ आणून परत केली, जी सावेलीची नव्हतीच. त्याने सगळ्यांना सांगितलं की राग नाही, तक्रार नाही, उलट पाया पडेन. तसतसे लोक आणखी घाबरले. निवृत्त बसड्रायव्हर वेनियामिन तेवढा सरळ बोलला.

“त्रोफिमिच, वीस वर्षं तुम्ही मला चोर म्हणताय आणि मी नाही म्हणतोय. आज हो म्हणालो असतो, तुमच्याकडे बघवत नाही म्हणून. पण आणू कुठून?”

तिसऱ्या दिवशी पार टोकाच्या बागेतली उस्तिन्या म्हातारी स्वतः होऊन आली आणि कुजबुजली की माझ्याकडे पिवळी आहे, सात वर्षांपूर्वी अंधारात हात मारला होता, देवाने मला क्षमा करावी. सावेली तिच्यामागे अक्षरशः धावत गेला. झाड होतं, भरगच्च, कळ्यांनी लवलेलं. त्याने काठी मुठीत धरली आणि हात तसाच ठेवला. तळहातात काटे रुतले होते. बाजारात मिळते ती पिवळी होती. बिचारीने कोणाची तरी चोरली होती एवढं खरं. तिला वाईट वाटू नये म्हणून तो म्हणाला की झाड छान आहे, आणि रक्त पँटला पुसत परत फिरला.

या सगळ्या फेरीत एका दाराकडे तो गेला नव्हता. कापितोलिना मार्कोव्ना, मैत्रिणींची कापा, लागून असलेल्या बागेची मालकीण, जन्मभर पोस्टात खिडकीवर बसलेली. तिच्याकडे जायचं कारणच नव्हतं, तिची बाग त्याला पायरीवरून आरपार दिसायची. कुंपण कमरेएवढं. तिथे पिवळी असती तर त्यालाच आधी दिसली असती. पण उस्तिन्याकडून येताना त्याने पाहिलं की ती वाफ्यात ओणवी असताना त्याला बघून सरळ झाली आणि घाईघाईने आत गेली. एवढ्या दिवसांत सगळे त्याला बघून घाबरले होते, लाजलं कोणी नव्हतं. ही लाजली. त्याने तिचं दार वाजवलं.

तिने त्याला बसवलं, चहा ठेवला आणि पाठमोरी उभी राहूनच बोलायला लागली.

“मी काही चोरलं नाही, त्रोफिमिच. मला दिलं होतं. तुमच्या ग्लाशाने.”

सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सावेली पेन्शनच्या कामाला शहरात राहिला होता, तेव्हा ग्लाफिराने ओल्या फडक्यात गुंडाळून दोन फुटवे कुंपणावरून दिले होते. म्हणाली होती, एका जागी सगळं ठेवू नये गं कापा, एखादा हिवाळा येईल आणि काही उरणार नाही. त्याला सांगू नकोस, फळ धरेल तेव्हा मीच सांगेन, आपलंच फळ दुसरीकडे लटकलेलं बघून विरघळेल तो. कापितोलिनाने ते कुंपणाच्या आडोशाला लावले, करंटच्या झुडपामागे, कारण तिच्या बागेत वारा लागत नाही अशी तेवढीच जागा होती. धरलेसुद्धा. पुढच्या उन्हाळ्यात तीन कोंब वर आले, गुडघाभर झाले.

“आणि मग एका आठवड्यात काळे पडले. पार मुळापासून.” ती वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “माझीच जीभ आडवी आली. तिने फडकं हातात दिलं आणि माझ्या तोंडून ‘आभारी आहे’ निघून गेलं. तीस वर्षं खिडकीवर बसून दर माणसाला तेच म्हणत होते, सवय सुटते का? ती म्हणाली सुद्धा, अगं म्हणू नकोस. पण गेलं ते गेलं. तुमचं झाड मी मारलं, त्रोफिमिच.”

सावेलीने चहाला हात लावला नव्हता. तीन कोंब त्याला आठवत होते. करंटच्या झुडपामागे, पत्र्यांच्या पलीकडे, शेजारणीच्या मातीत. ते बघून त्याला वाटलं होतं की मूळ पत्र्याखालून निसटलं, आणि ही बाई गुपचूप बघत बसली आहे. फावडं तिकडे पोचत नव्हतं. म्हणून त्याने बादलीभर पाण्यात दोन किलो मीठ घालून चुलीवर उकळलं, आणि संध्याकाळी कापितोलिना शहराच्या बसला गेल्यावर कुंपणावरून वाकून ते सगळं ओतलं. काम चोख झालं होतं. त्यावर तो आठवडाभर खूश होता.

“आभाराने नाही मेलं ते,” तो म्हणाला. “मी मारलं. उकळतं मीठपाणी ओतलं. मला वाटलं मुळं पळून आली.”

कापितोलिना खुर्चीवर बसली. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती टेबलाच्या मेणकापडावरून हात फिरवत राहिली. सहा वर्षं हिने स्वतःच्या जिभेला दोष देत काढली होती, आणि आता ते ओझं उतरलं तर तिला त्याचा आनंदही होत नव्हता.

“मी तिला खोटंच सांगत होते,” ती शेवटी म्हणाली. “म्हटलं दुखवायचं कशाला. ती विचारायची, काय गं, कशी आहे माझी पोर? मी म्हणायचे, मस्त आहे, वाढतेय. मग तिने विचारणंच सोडलं.”

“कधी सोडलं?”

“त्याच उन्हाळ्यात. म्हणजे ते काळे पडले, त्यानंतर एक-दोनदाच मला खोटं बोलावं लागलं. मग नाहीच.”

सावेलीने हिशेब केला नाही, त्याची गरज नव्हती. त्याच उन्हाळ्यापासून ग्लाफिराने त्याच्यापाशीही पिवळीच्या वाटणीचा विषय काढणं बंद केलं होतं. वर्षानुवर्षांची कटकट संपली म्हणून त्याला हायसं वाटलं होतं. बाई अखेर शहाणी झाली, माझं म्हणणं तिला पटलं, असं तो वेनियामिनला बढाईने सांगत होता. त्यानंतर ती चार वर्षं जगली, दर ऑक्टोबरात त्याच्याबरोबर ओणवी होऊन काठ्या बांधत होती, गाठी त्याच्यापेक्षा पक्क्या मारत होती. दुसरा फुटवा तिने कोणालाही दिला नाही. दिला असता तर त्याचं काय झालं असतं हे तिला कळलं होतं.

कापितोलिना म्हणत होती की लाल रासबेरीचे चांगले फुटवे आहेत, हवे तेवढे न्या, मी आत जाते. तिने खरंच फावडं दारापाशी ठेवलं आणि पाठ फिरवली. सावेली तिच्या वाफ्यापर्यंत गेला आणि न खणता पुढे कुंपणाशी जाऊन उभा राहिला. करंटच्या झुडपामागे अजून थाळीएवढी जागा उघडी होती, तिथे गवतही धरलं नव्हतं. इथून त्याची पायरी दिसत होती, आणि पायरीशेजारचा खिळा, ज्यावर बादली टांगलेली असायची.

त्या संध्याकाळी ते दोघं बागेतच मुक्कामाला होते, आणि पाणी ओतून झाल्यावर त्याने बादली तशीच पायरीवर टाकली होती. रात्रीत आतलं पाणी वाळलं असणार आणि काठाला मिठाचा पांढरा थर धरला असणार. सकाळी तो उठला तेव्हा बादली घासूनपुसून खिळ्याला पालथी टांगलेली होती, आणि ग्लाफिराने चहा गाळून, मुरंब्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली होती. आता कितीही डोकं खाजवलं तरी तिचा त्या वेळचा चेहरा त्याला आठवेना. बादली आपण धुतली नव्हती, एवढंच पक्कं आठवत होतं.